स्पॅनिश गीतांतील प्रतारणा : तक्रार त्याची, जाब तिचा

स्पॅनिश भाषेतील लोकप्रिय गीतांमध्ये प्रेमाइतकेच प्रतारणेलाही स्थान आहे. विवाहबाह्य संबंध, घातक ओढ आणि विश्वासघात हे विषय तेथे शतकाहून अधिक काळ गायिले जात आहेत. या काळात विषय फारसे बदलले नाहीत. बदलला तो गाणारा आवाज.

या परंपरेचा एक प्रमुख प्रवाह म्हणजे 'बोलेरो'. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्यूबातील सांतियागो शहरात हा गीतप्रकार जन्मला. पेशाने शिंपी असलेल्या पेपे सांचेस यांचे 'त्रिस्तेसास' (१८८३) हे पहिले बोलेरो मानले जाते. पुढे मेक्सिकोत आगुस्तीन लारा (१८९७-१९७०) यांनी त्याला लोकप्रियतेच्या शिखरावर नेले. तरुणपणी वेश्यागृहांत पियानो वाजवणाऱ्या लारा यांच्या गीतांत 'पतित' स्त्रीविषयी आकर्षण आणि करुणा एकत्र नांदतात. त्यांच्या 'आव्हेंतुरेरा' या गीताच्याच नावाचा चित्रपट १९५० मध्ये आला. त्यात आईच्या व्यभिचारामुळे वडील आत्महत्या करतात आणि निराधार मुलगी कॅबरेच्या दुनियेत ओढली जाते.

डोमिनिकन प्रजासत्ताकातील 'बचाता' ही याच बोलेरोची गरीब वस्तीतील लेक. हुकूमशहा त्रुहियो याची १९६१ मध्ये हत्या झाल्यानंतर, १९६२ मध्ये होसे मान्युएल काल्देरोन यांनी तिची पहिली ध्वनिमुद्रणे केली. दारूचे गुत्ते आणि वेश्यावस्ती येथे वाजणाऱ्या या संगीताला 'कडवटपणाचे संगीत' म्हटले जाई. फसवून गेलेल्या स्त्रीच्या नावाने रडणारा पुरुष हा तिचा ठरलेला नायक. त्या स्त्रीची बाजू मात्र क्वचितच ऐकू येई. प्रतिष्ठित समाजाने बचाताला दीर्घकाळ दूर ठेवले. हुआन लुइस गेर्रा यांच्या 'बचाता रोसा' (१९९०) या संग्रहाने हे चित्र पालटले. न्यूयॉर्कच्या 'आव्हेंतुरा' गटाचे 'ओब्सेसिओन' (२००२) युरोपातही गाजले. त्यात झपाटलेल्या प्रियकराला तरुणी बजावते, की हे प्रेम नव्हे, हा तर ध्यास आहे.

स्त्रीच्या या प्रत्युत्तराची वाट आधीच तयार झाली होती. साठच्या दशकाच्या अखेरीस क्यूबाच्या ला लुपे यांनी गायिलेल्या 'ला तिराना'मध्ये दोषी ठरवली गेलेली स्त्री आपली कैफियत मांडते. गीतकार होते पोर्तो रिकोचे तिते कुरेत आलोन्सो. मेक्सिकोच्या पाकिता ला देल बार्रिओ (१९४७-२०२५) यांनी तर बेइमान पुरुषाची खरडपट्टी हीच आपली ओळख बनवली. कोलंबियाच्या शकिराने 'ला तोर्तुरा'मध्ये (२००५) क्षमा मागणाऱ्या प्रियकराला नकार दिला. २०२३ मध्ये तिने विभक्त जोडीदाराचा समाचार घेणारे गीत बिसाराप या निर्मात्यासह गायिले आणि त्याच वर्षी त्याला लॅटिन ग्रॅमीचा सर्वोत्कृष्ट गीताचा पुरस्कार मिळाला.

युनेस्कोने बचाताला २०१९ मध्ये, तर बोलेरोला २०२३ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. गुत्त्यात आणि कॅबरेत वाढलेल्या गीतांना मिळालेली ही राजमान्यता होय. त्या गीतांतील आरोपी स्त्रीला मात्र आपले म्हणणे स्वतःच गाऊन सांगावे लागले.