बोनेट उघडण्याआधी

गिऱ्हाईक गाडी लावतं आणि म्हणतं, "कसला तरी वास येतोय बघा." हा 'कसला तरी' शोधण्यातच माझं आयुष्य गेलं. गाडी थंड असताना येतो की घाट चढल्यावर? एसी लावल्यावर की ब्रेक दाबल्यावर? पुढून की मागून? एवढं नीट कळलं की निम्मं काम बोनेट न उघडता होतं. मात्र या वासांचे अर्थ कायम राहिले नाहीत. गाडीत काय जळायचं हे दिल्लीत ठरायचं आणि मुळशीतल्या घोटावडे फाट्यावर आमच्या नाकाला ते नव्यानं शिकावं लागायचं.

मी पुण्यात नाना पेठेत उस्तादाच्या हाताखाली पाने उचलायला लागलो तेव्हा फियाट आणि ॲम्बेसेडरचा जमाना होता. कार्बोरेटरचा फ्लोट अडकला की पेट्रोल वाहायचं. त्या वासाला कोणी घाबरत नसे, फक्त उस्ताद ओरडायचा, "आधी बिडी विझव!" गोड वास तेव्हा आमच्या ओळखीचा नव्हता. रेडिएटरमध्ये साधं नळाचं पाणी असायचं. ते उकळलं तर गंजाची वाफ यायची, बस. कूलंट आलं आणि त्यातल्या ग्लायकॉलबरोबर हा काकवीसारखा वास आला. आज तो आतल्या बाजूला आला आणि पुढच्या काचेवर तेलकट धुकं धरलं, तर हीटरची जाळी फुटली असं समजायचं. बोट लावून चाखू नका, विष आहे. डिफरन्शियलच्या तेलात गंधक असतं. त्याचा वास साबणानं जायचा नाही, भाकरी मोडताना हाताला यायचाच.

इकडे मुळशीत तेव्हा बजाज टेम्पोच्या आकुर्डीतल्या मॅटाडोर आणि ट्रॅक्स धावायच्या. डिझेलमध्ये गंधक भरपूर, त्यामुळे मागून जाणाऱ्याचा घसा धरायचा. त्यातच रॉकेलची भेसळ. रेशनचं निळं रॉकेल चुलीपेक्षा टाकीत जास्त जायचं असं आम्ही म्हणायचो. अशा गाडीच्या धुरानं डोळ्यांतून पाणी यायचं, आणि रॉकेलला वंगण कमी म्हणून पंप लवकर झिजायचा. पेट्रोलची परीक्षा सोपी होती: कागदावर थेंब टाका. चांगलं पेट्रोल उडून जातं, रॉकेल तेलकट डाग ठेवतं. भेसळीची गोष्ट गमतीची मात्र नाही. 25 जानेवारी 2011 रोजी मनमाडजवळ भेसळखोरांना हटकणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं. त्यानंतर कित्येक दिवस गॅरेजात कोणी त्या निळ्या रॉकेलावर विनोद केला नाही.

1995 साली मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आणि धूर साफ करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभरात शिसं बंद झालं. त्या कन्व्हर्टरनं आम्हाला सडक्या अंड्याचा वास दिला. मिश्रणात पेट्रोल जास्त झालं की त्यातल्या गंधकाचा तसा वास येणारा वायू होतो. हाच वास जास्त चार्ज होणाऱ्या बॅटरीचाही असतो, म्हणून पुष्कळ मेकॅनिक फसतात. सायलेन्सरपाशी येतो की बॅटरीपाशी, आणि बॅटरी हाताला गरम लागते का, एवढं पाहिलं तर फसणार नाही. पुढं 2017 ला धुराचं बीएस-4 मानक देशभर लागू झालं आणि 2020 ला बीएस-6. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत 10 भागांवर आलं. घसा धरणारा जुना धूर गेला, त्याचं मला काडीचं दुःख नाही.

गॅसचं वेगळं. 2000 साली एलपीजीला वाहनांत कायद्यानं परवानगी मिळाली, त्याआधी ओम्नीत घरचा लाल सिलिंडर सर्रास लपवलेला असायचा. गॅसला स्वतःचा वास नसतो, मर्कॅप्टन मिसळतात म्हणून तो कळतो. 1937 साली टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत बिनवासाचा गॅस साठून स्फोट झाला, तीनशेच्या आसपास माणसं गेली, आणि मग हे मिसळणं तिथं कायद्यानं सक्तीचं झालं. एलपीजी हवेपेक्षा जड, तळाशी साठतो. म्हणून वास आला की स्विचला हात न लावता सगळी दारं उघडायची आणि लांब जायचं. कार्बन मोनॉक्साइडला तर वासच नाही. सायलेन्सर फुटका असेल आणि डोकं जड होत असेल, तर नाकाची वाट पाहू नये.

एवढे फतवे निघाले तरी मुळशीचे स्वतःचे वास कोणी बदलू शकलं नाही. ताम्हिणी घाट उतरून आलेल्या गाडीचे ब्रेक जळके, चढून आलेल्याची क्लचप्लेट जळकी. पुण्याचा पाहुणा क्लचवर पाय ठेवूनच घाट चढतो, वरून "गाडी खराब दिली कंपनीनं" म्हणतो. मग पाऊस. 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत चोवीस तासांत 556 मिलिमीटर नोंदला गेला. असा पाऊस असला की वायपरखालच्या जाळीत पानं अडकतात, पाणी पायाशी उतरतं आणि कार्पेटखालचा फेल्ट कुबट होतो. लोक सुगंधी बाटली टांगतात, मग कुबट मोगरा होतो! कार्पेट काढून वाळवल्याशिवाय आणि एसीच्या पाण्याची नळी मोकळी केल्याशिवाय तो जात नाही. दुधाच्या गाडीत कॅन सांडलं तर लगेच गार पाणी मारायचं, एकदा मुरलं की फेल्टच टाकावा लागतो. कोकणातून सुकट आणणाऱ्यांना मी काही सांगत नाही, तो वास त्यांनी जाणूनबुजून विकत घेतलेला असतो.

भात कापणीनंतर उंदीर खाचरातून गाड्यांत शिरतात. ब्लोअरमध्ये मेलेला उंदीर सापडायला निम्मा डॅशबोर्ड खोलावा लागतो. मजुरी सांगितली की मालक म्हणतो, "एवढ्याशा उंदराला?" हिंजवडीकडून येणाऱ्या विजेच्या गाड्यांतही तेच. पेट्रोल नाही, धूर नाही, पण वायर कुरतडलेली असते आणि बॅटरी गार ठेवणारं कूलंट गळलं की तोच गोड वास. अशा गाडीच्या केशरी वायरींना आम्ही हात लावत नाही, थेट कंपनीच्या वर्कशॉपला पाठवतो.