साबणाच्या पाण्यात मोजायचं काय?

डोळ्यांना न दिसणारी वस्तू ‘आहे’ असं आपण कशाच्या बळावर म्हणतो, हा आजचा प्रश्न. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, पण उदाहरण घेणार आहे साबणाच्या पाण्याचं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या पाण्याची दोन मोजमापं एकमेकांशी जुळत नव्हती. साबणाचं पाणी वीज चांगली वाहून नेतं, म्हणजे त्यात विद्युतभार असलेले कण, आयन, भरपूर असले पाहिजेत. दुसरं मोजमाप परासरण दाबाचं. हा दाब कण लहान की मोठा ते पाहत नाही, नुसती डोकी मोजतो. आणि दाट द्रावणात डोकी फारच कमी भरत होती. एक साक्षीदार म्हणतो गर्दी आहे, दुसरा म्हणतो मोजकेच आहेत. आता काय करायचं?

सोपी वाट म्हणजे एकाला खोटं ठरवायचं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला काम करणाऱ्या जेम्स विल्यम मॅकबेन या मूळच्या कॅनडाच्या शास्त्रज्ञानं ते केलं नाही. 1913 साली फॅराडे सोसायटीतल्या चर्चेत त्यांनी सुचवलं की दोन्ही साक्षी खऱ्या आहेत. साबणाचे अनेक आयन एकत्र येऊन एकच मोठा कण होतो. डोकं एक, पण भार अनेकांचा! भार टिकला म्हणून वीज वाहते, डोकी घटली म्हणून दाब उतरतो. या कणाचं नाव मायसेल. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ कण, चुरा. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांनी तो एकोणिसाव्या शतकात वेगळ्याच संदर्भात वापरला होता.

बघा, चूक मोजण्यात नव्हती. चूक ‘एक’ कशाला म्हणायचं यात होती.

पुढे 1936 मध्ये हार्टली यांनी या कणाचं गोलाकार चित्र मांडलं. साबणाच्या रेणूचं डोकं पाण्यात रमतं, तेलकट शेपूट रमत नाही. म्हणून शेपट्या आत, डोकी बाहेर. पण हे केव्हाही होत नाही. शाम्पूत वापरतात ते सोडियम डोडेसिल सल्फेट घ्या. लिटरमागे साधारण 8 मिलिमोलच्या खाली रेणू सुटे फिरतात. त्यावर गेलं की सुमारे साठ-साठांचे गोळे बनू लागतात. गोळा म्हणजे घट्ट गाठोडं नव्हे. रेणू सतत येतात, जातात. वारकरी बदलले तरी दिंडी तीच राहते, तसंच हे.

मग यांना एकत्र आणतं कोण? शेपूट पाण्याचा ‘द्वेष’ करते, हे बोलायला ठीक आहे. खरी गोष्ट मुख्यतः पाण्याची आहे. तेलकट साखळीभोवती पाण्याच्या रेणूंना हवं तसं वळता येत नाही. शेपट्या आत लपल्या की पाणी मोकळं होतं. म्हणजे साबणाची शिस्त ही पाण्याच्या स्वातंत्र्यातून येते. हुकूम कोणाचाच नाही.

आणि हे बादलीपुरतं नाही बरं का. आपल्या लहान आतड्यात पित्तातले क्षार हेच काम करतात. पचलेल्या चरबीचे अंश, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं मायसेलमध्ये बसून आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतात. पित्तनलिका अडली तर चरबी तशीच बाहेर पडते, ‘के’ कमी पडतं आणि रक्त गोठायला वेळ लागतो. काविळीच्या अशा रोग्यावर शस्त्रक्रिया करण्याआधी डॉक्टर रक्त गोठण्याची तपासणी करतात, ते यासाठीच.

मॅकबेन यांचं नाव पुण्यालाही परकं नाही. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पहिले संचालक. जानेवारी 1950 मध्ये पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं तेव्हा मॅकबेन सत्तरीच्या उंबरठ्यावर होते.

तर सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. मायसेल ‘आहे’ असं मॅकबेन यांनी म्हटलं, ते पाहून नव्हे. तो मानल्याशिवाय दोन खरी मोजमापं एकत्र नांदत नव्हती, म्हणून म्हटलं. आपणही वादात दोन प्रामाणिक माणसं उलट बोलताना ऐकतो आणि लगेच एकाला खोटं ठरवतो. त्याआधी एवढं विचारावं, की दोघं मोजतायत ती वस्तू एकच आहे ना?