मांजरसुंब्याचा घाट आणि गळका रेडिएटर

एप्रिलची दुपार. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढणारी एखादी जुनी मालमोटार वळणावर थांबली आहे. बॉनेट उघडे आहे आणि चालक हाताला ओले फडके गुंडाळून रेडिएटरचे टोपण जपून सैल करतो आहे. हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्या वाफेमागे जवळजवळ शतकभराचा इतिहास आहे. गळती थांबवायची तर कोणता भाग बदलायचा, कोठून आणायचा, की आहे तोच सांधायचा? या साध्या प्रश्नाचे उत्तर बीडमध्ये प्रत्येक पिढीला निराळे द्यावे लागले. आजचा धागा त्या उत्तरांविषयी.

आधी भूगोल पाहू. सिकंदराबादहून मनमाडला जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. तो जालन्यावरून गेला, बीडवरून नव्हे. पुढे परळी वैजनाथला रेल्वे आली, परंतु जिल्ह्याचे मुख्य ठिकाण रुळांवाचून राहिले. त्यामुळे बाजाराचा माल, टपाल, कचेरीचे काम आणि दवाखाना हे सारे रस्त्यावरच्या वाहनावर अवलंबून. ज्या गावाला रेल्वे आहे तेथे मोटार बिघडली तर खोळंबा होतो. येथे दुसरा मार्गच नव्हता.

आता त्या यंत्राकडे वळू. १९००–०१ मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीझसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला. त्यात ६ मिलिमीटर चौकोनी तोंडाच्या ८,०७० नळ्या होत्या. इतक्या नळ्यांमधून वारा खेळू लागल्यामुळे अवघ्या ९ लिटर पाण्यात इंजिन थंड राहू लागले. आजच्या मोटारीचा आरंभ येथून झाला असे म्हणतात, ते योग्यच आहे. पण हजारो नळ्या म्हणजे हजारो सांधे, आणि झाळलेला प्रत्येक सांधा ही उद्याच्या गळतीची जागा. हा दुसरा अर्थ ग्लासगो वा स्टुटगार्टपेक्षा खडीच्या रस्त्यावर अधिक लवकर कळला.

१९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने रस्ता-वाहतूक विभाग सुरू केला, तेव्हा त्याच्याकडे २७ बस आणि १६६ कर्मचारी होते. या अल्बियन बनावटीच्या गाड्या स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या कारखान्यातून आलेल्या. बीड तेव्हा हैदराबाद संस्थानात होते आणि या खात्याचे जाळे संस्थानभर पसरत गेले. सुटा भाग निवडण्याचा प्रश्न त्या काळी फार सोपा होता, कारण निवडच नव्हती. मूळ भाग समुद्रापलीकडे, मध्ये बोटीचा प्रवास, पुढे रेल्वे आणि शेवटी कच्चा रस्ता. म्हणून बदलण्यापेक्षा सांधण्याला महत्त्व आले. रेडिएटर तांब्या-पितळेचा असे, त्यामुळे ते शक्यही होते. गळकी नळी शोधायची, ती साफ करायची, कथील आणि शिसे यांच्या मिश्रणाने झाळायची. फारच खराब असेल तर दोन्ही टोकांनी बुजवून टाकायची. चार-दोन नळ्या गेल्या तरी बाकीच्यांवर गाडी चाले.

झाळण्याने धातू वाचला, रबर कसे वाचणार? इंजिन आणि रेडिएटर यांना जोडणारा होज पाइप रबरी असतो. उष्णतेने तो आधी फुगतो, मग तडकतो. १९४२ मध्ये जपानने मलाया आणि पूर्वेकडील डच बेटे घेतली आणि जगाच्या नैसर्गिक रबराचा फार मोठा हिस्सा दोस्त राष्ट्रांच्या हातून गेला. टायर दुर्मीळ झाले, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत असते. होज पाइपही त्याच रबराचा, हे सहसा नसते. लढाई संपून तीन वर्षे होतात न होतात तोच हैदराबादची आर्थिक कोंडी झाली आणि पेट्रोलपासून औषधांपर्यंत टंचाई आली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची शरणागती झाली, पण सुट्या भागांची परदेशाशी जोडलेली नाळ त्यामुळे तुटली नाही.

ती तुटू लागली पुढच्या दशकात, आणि माझ्या मते या साऱ्या कथेचा खरा कलाटणीबिंदू तोच. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनुसार सरकारने धोरण ठरवले: सुटे भाग आणून येथे नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांना यापुढे स्थान नाही, येथे उत्पादन करा किंवा जा. फोर्ड आणि जनरल मोटर्स गेल्या. १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीझ-बेंझची मालमोटार बाहेर पडली. १९५६–५७ च्या परकीय चलनाच्या संकटाने आयात आणखी आवळली. याच काळात मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि तेथील सरकारी बससेवाही पुढे एसटी महामंडळात विलीन झाली. धोरणाला दोष देणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही: गाड्यांची निवड खुंटली, जुनी बनावट वर्षानुवर्षे चालत राहिली. मात्र ज्या रस्त्यावर दहापैकी सात-आठ मालमोटारी एकाच जातीच्या, तेथे तालुक्याच्या दुकानातही तिचा वॉटर पंप मिळू लागतो. गाड्यांची निवड कमी झाली तेव्हा सुट्या भागांची वाढली.

त्याबरोबर ‘ओरिजिनल’ आणि ‘डुप्लिकेट’ हा भेदही आला. दोन होज पाइप दिसायला सारखे असतात, पण एकात सुताचे विणलेले अस्तर असते, दुसऱ्यात नुसते रबर. फरक घाटात कळतो.

गॅरेजमधील परंपरागत उपायांचेही थोडे ऐकू. रेडिएटरमध्ये हळद टाकणे हा आपल्याकडचा प्रसिद्ध तोडगा. बारीक भुकटी छिद्रापाशी साचते आणि गळती काही काळ थांबते. जुन्या रुंद नळ्यांत ते खपून जाई, परंतु नव्या अरुंद वाहिन्यांत तीच हळद रस्ता अडवते. दुसरा तोडगा थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा. त्याने गरम होण्याचे मूळ कारण झाकले जाते आणि इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही. तिसरी चूक पाण्याची. बसाल्टच्या प्रदेशातील विहिरींचे पाणी पुष्कळदा कठीण असते. ते उकळत राहिले की तळाशी साचणारा पांढरा थर आपण घरच्या भांड्यात पाहतो, तोच नळ्यांत बसतो. दुष्काळात मिळेल ते पाणी ओतावे लागे, त्याला इलाज नव्हता. आज मात्र क्षाररहित पाणी आणि कूलंट यांना पर्याय समजू नये.

टोपणाविषयी दोन शब्द जास्त लिहितो, कारण सर्वांत स्वस्त भागाचीच निवड सर्वांत अधिक चुकते. बीड समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच असल्याने उघडे पाणी तेथे ९८ अंशांच्या आसपास उकळते. टोपणातील स्प्रिंग दाब राखते. साधारण १ बार दाब असेल तर उकळणबिंदू १२० अंशांपर्यंत चढतो. म्हणून स्प्रिंग ढिली पडली की कोठेही छिद्र नसताना पाणी कमी होते. उलट, गाडी गरम होते म्हणून जुन्या झाळलेल्या रेडिएटरवर अधिक दाबाचे टोपण बसवले, तर जुने सांधेच उकलतात. टोपणावर छापलेला आकडा पाहून त्याच आकड्याचे घ्यावे.

पुढे अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या आल्या. वजन घटले, पण कथलाने झाळणारा कारागीर निरुपयोगी झाला. तडकलेली टाकी झाळता येत नाही, सबंध रेडिएटर बदलावा लागतो. म्हणून आता आधी निदान करावे. इंजिन थंड असताना दाब देऊन पाहावे. क्लिप ढिली असेल तर तेवढीच बदलावी. पंपाच्या तळाच्या बारीक छिद्रातून थेंब येत असतील तर पंपाचे सील गेले. ते छिद्र बुजवले तर पाणी बेअरिंगमध्ये शिरते. बाहेर थेंबही नाही आणि धुराड्यातून पांढरी वाफ येत राहते, तर हेड गॅसकेटची शंका घ्यावी. आणि कूलंट रंगावरून निवडू नये. हिरवा वा गुलाबी हा केवळ रंग आहे, रसायन गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते.

१७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिदिनीच, बीडहून अहिल्यानगरकडे पहिली प्रवासी रेल्वे सुटली. दिवाळीच्या आसपास ऊसतोड कामगारांची कुटुंबे मात्र आजही ट्रॅक्टर आणि मालमोटारींतूनच पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. वर संसार, मुलेबाळे, कधी शेळ्याही. आणि चालकाच्या आसनाजवळ पाण्याचा कॅन.