पवनीचे लेख आणि घरबसल्या वाचन

इतिहासाचे साधन सापडावे एका गावी आणि ते वाचले जावे दुसऱ्याच गावी, हा अनुभव पवनीला नवा नाही. वैनगंगेकाठच्या या प्राचीन नगरात एक स्तंभलेख मिळाला. ‘महाखत्तव’, ‘कुमार’, ‘रुपिअम्म’ आणि ‘छायाखंभ’ एवढेच त्यातले महत्त्वाचे शब्द. छायाखंभ म्हणजे स्मारकस्तंभ. पण एवढ्याशा लेखावरून महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी विदर्भात क्षत्रपांची सत्ता पोचली होती, असे अनुमान बांधले. भगदत्त राजाचा पवनीचा लेखही त्यांनीच ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केला. पुढे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी जगन्नाथ टेकडीवर स्तूपाचे अवशेष उजेडात आणले. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांचा अहवाल १९७२ साली निघाला.

आता प्रश्न असा, की हे सारे वाचले किती पवनीकरांनी? दगड आमचा, पण त्याचा ठसा आणि वाचन मोठ्या शहरातील ग्रंथालयांच्या कपाटांत. तिथवर जायचे म्हणजे दिवस मोडायचा, ओळख काढायची आणि हाताने उतारे उतरवून घ्यायचे.

आज ‘एपिग्राफिया इंडिका’चे जुने खंड संगणकाच्या पडद्यावर उघडतात. पीडीएफ हा नमुना २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत क्रोम, फायरफॉक्स यांसारख्या ब्राउझरांनी तो स्वतःच दाखवण्याची सोय केली. वेगळे साधन बसवण्याची गरज उरली नाही. पान उघडले, बोटाने मोठे केले, की ठशातील अक्षर डोळ्यांसमोर येते.

ही केवळ सोय नव्हे. ‘महाखत्तव’ ही पदवी खुद्द रुपिअम्माची की त्याच्या पित्याची, हा वाद अक्षरांवर आणि समासावर उभा आहे. तो तपासण्याचा अधिकार आता शाळेतील मुलालाही पोचला.

मात्र एक सावधगिरी हवी. यंत्राने ओळखलेल्या मजकुरात अशी नावे हमखास बिघडतात. शोधले आणि सापडले नाही, म्हणून ते नाहीच, असे समजू नये. पानाचे चित्रच पाहावे. आणि चित्र पाहून झाले, की पडदा मिटून जगन्नाथ टेकडीवर एकदा चढून यावे. कागद घरी आला खरा. जागा मात्र आपणच राखायची आहे.