डोबरमन : करवसुली करणाऱ्या माणसानं काढलेलं वाण

आज पिकाचं नाही, आखाड्यावरच्या राखणीचं लिहितोय.

गेल्या वेचणीत आमच्या शिवाराला लागून असलेल्या आखाड्यावरचा डोबरमन साखळी तोडून सुटला आणि कापूस वेचायला आलेल्या एका बाईच्या पोटरीचा लचका काढला. टाके पडले, लस सुरू झाली, ऐन हंगामातली मजुरी बुडाली. मालकानं दवाखान्याचा खर्च दिला, मजुरीचं नाव काढलं नाही. लोक जमले तेव्हा त्याचं एकच पालुपद, "जातच तशी आहे, त्याला मी काय करू?" ते काही डोक्यातून जाईना, म्हणून या जातीचा इतिहास धुंडाळला.

कार्ल फ्रीडरिख लुईस डोबरमन, जन्म १८३४, मृत्यू १८९४. जर्मनीच्या थुरिंजिया भागातल्या अपोल्डा गावचा. काम करवसुलीचं, म्हणजे खिशात पैसे आणि लोकांच्या डोक्यात राग. गावातली मोकाट कुत्री पकडायचं कामही त्याच्याकडंच होतं. शिवाय १८६० च्या दशकात अपोल्डात कुत्र्यांचा बाजार भरायला लागला होता. आपल्या भाषेत सांगायचं तर या गड्याच्या हाताशी सगळ्या प्रकारचं बियाणं होतं आणि काय पाहिजे तेही डोक्यात पक्कं होतं : चपळ, जागं राहणारं, अनोळखी माणसाला न भिणारं आणि धन्याजवळून न हलणारं कुत्रं. रंग-रूप दुय्यम. कशाचा कशाशी संकर केला याची नोंद त्यानं ठेवली नाही. पिन्शर, खाटकांची कुत्री, तिकडची मेंढपाळी कुत्री असं मिश्रण असावं असा जाणकारांचा अंदाज आहे.

आपल्याकडं मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतूनच निवड करत करत एम ३५-१ ज्वारी काढली, तोच हा मार्ग. फक्त तिथं कणीस आणि कडबा बघून निवड झाली, इथं स्वभाव बघून. पहिल्या पिढ्यांतली ही कुत्री इतकी तिखट होती की हाताळणं अवघड जायचं.

स्वभाव असा निवडून वळवता येतो का, अशी शंका कुणाला आली तर कोल्ह्यांचा प्रयोग बघा. १९५९ साली सोव्हिएत रशियात दिमित्री बेल्यायेव यांनी कातड्यासाठी पाळलेल्या चंदेरी कोल्ह्यांवर काम सुरू केलं. नोवोसिबिर्स्कला ते पुढं ल्युडमिला त्रुत यांनी चालवलं. दरवर्षी माणसाला सगळ्यात कमी बुजणारे कोल्हे तेवढे पैदाशीला ठेवायचे, बाकी बाद. सहाव्या पिढीतच काही पिल्लं शेपूट हलवत हात चाटायला लागली. दुसरीकडं मुद्दाम चावऱ्या कोल्ह्यांची वेगळी ओळ राखली. त्या ओळीचे गर्भ माणसाळलेल्या मादीच्या पोटात वाढवून पाहिले, तरी पिल्लं चावरीच निघाली.

म्हणजे आमच्या शेजाऱ्याचं म्हणणं अर्धं खरं. स्वभाव रक्तात असतो.

पण गोष्ट डोबरमनबरोबर संपत नाही. तो गेल्यावर पाच वर्षांनी, १८९९ मध्ये, अपोल्डातच ओटो गोएलर यानं या जातीचा पहिला क्लब काढला आणि जातीला जुन्या धन्याचं नाव दिलं. त्याला कळत होतं, एवढं तिखट जनावर घराघरात खपणार नाही. त्यानं आणि पुढच्या पैदासकारांनी निवडीची दिशा फिरवली, अति चिडकी कुत्री पैदाशीतून काढत गेले. एकानं चढवलेला तिखटपणा दुसऱ्यानं काही पिढ्यांत उतरवला. जर्मनीतल्या डोबरमन क्लबात आजही नर-मादीला पैदाशीला लावायच्या आधी स्वभावाची परीक्षा द्यावी लागते. नापास झालं तर कागद नाही.

आता आपल्याकडं बघा. पिल्लू विकणारा काय दाखवतो? रंग, कानाची ठेवण, बापाची उंची. स्वभावाकडं बघणंच सोडलं की वाण फाकतं. बियाणं राखताना आपण भेसळीची ताटं उपटतो, ती उपटायची सोडली तर चार हंगामांनी पिशवीवरचं नाव आणि रानातलं पीक यांचा मेळ लागत नाही. २०२२ मध्ये अमेरिकी संशोधकांनी १८ हजारांवर कुत्र्यांची मालकांकडून माहिती घेतली, दोन हजारांवर कुत्र्यांची जनुकं तपासली. एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यातल्या फरकापैकी साधारण ९ टक्के फरकच जातीवरून सांगता आला. त्याआधी २००८ च्या एका पाहणीत माणसावर धावून जाण्यात डॅशहुंड आणि चिव्हावा पुढं निघाले होते, ती एवढी-एवढीशी कुत्री! अर्थात चिव्हावा चावला तर पट्टीवर भागतं, रॉटवायलर चावला तर टाके घालावे लागतात. ताकदीचा हिशोब वेगळा आणि तो विसरून चालत नाही.

मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या पशुसंवर्धन खात्यानं २३ जातींवर बंदी घालायला राज्यांना पत्र पाठवलं. यादीत रॉटवायलर होता, डोबरमन नव्हता. कंगाल होता. हा तुर्कस्तानातला मेंढ्या राखणारा कुत्रा. १९९४ पासून नामिबियात त्याच वंशाची कुत्री शेतकऱ्यांना देतात, शेळ्या चित्त्यापासून वाचाव्यात म्हणून. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्र रद्द केलं. मला विचाराल तर जातींची यादी करणं सोपं आहे. पैदास करणाऱ्याच्या दारात जाऊन आई-बाप तपासणं अवघड, म्हणून ते कुणी करत नाही.

राहिली वाढवण्याची गोष्ट. स्कॉट आणि फुलर या दोघांनी अमेरिकेत बरीच वर्षं पिल्लं वाढवून १९६५ साली दाखवून दिलं की तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जे बघतं, हुंगतं, ते त्याला आपलं वाटतं. या काळात माणसं दिसली नाहीत तर पुढं अनोळखी माणूस म्हणजे धोकाच. धनगराचं पिल्लू डोळे उघडल्यापासून मेंढरांत आणि लेकरांत लोळतं, त्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. आणि आपण काय करतो? दीड महिन्याचं पिल्लू आणतो, "तिखट झालं पाहिजे" म्हणून कुणाला हात लावू देत नाही आणि मोटारीच्या खोलीजवळ साखळीला बांधून ठेवतो.

परवा शेजारी घरी आला होता. कुत्रं कुणाला देऊन टाकावं म्हणत होता. मी विचारलं, घेताना याची आई बघितली होती का, कशी होती?

म्हणाला, "आई कुठली बघतोस, मोबाईलवर फोटो बघून पैसे पाठवले."