उत्साहाचं जीवनसत्त्व

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर, रे विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सरकारी मनोरुग्णालयातल्या मोजक्या स्त्रियांवर एक प्रयोग केला. त्यांच्या जेवणातून थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, जवळजवळ काढून टाकलं. आज असा प्रयोग कोणतीही नीतिसमिती मंजूर करणार नाही. हळूहळू या बायकांची अन्नावरची वासना गेली. वॉर्डातली रोजची कामं त्या टाळू लागल्या, क्षुल्लक कारणावरून भांडू लागल्या. काहीतरी वाईट घडणार अशी धास्ती त्यांच्या मनात बसली आणि काहींना जगण्यातच राम वाटेना. थायमिन पुन्हा सुरू केल्यावर त्या सावरल्या. हा अहवाल १९४० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि युद्धाच्या सावटाखालच्या अमेरिकेत थायमिनला ‘मनोधैर्याचं जीवनसत्त्व’ अशी पदवी मिळाली. जिंकलेल्या देशांतल्या लोकांना हिटलर मुद्दाम थायमिनपासून वंचित ठेवून त्यांची उमेद मोडतो आहे, अशीही वावडी त्या दिवसांत उठली. मैद्याच्या पावात थायमिन, नायसिन आणि लोह घालायला १९४१ मध्ये सुरुवात झाली आणि १९४३ मध्ये युद्धकाळापुरती त्याची सक्तीच झाली. हरवलेला उत्साह गोळीतून परत मिळतो, ही समजूत इथे लोकांच्या मनात पक्की झाली, आणि माझ्या मते चूकही इथेच झाली. काढून घेतलेली वस्तू परत दिल्यावर माणूस सावरतो, एवढंच रॉचेस्टरला दिसलं होतं. ज्याच्याकडून काहीच काढून घेतलेलं नाही, त्याला ती वस्तू जास्त दिली तर त्याचा आनंद वाढेल का, हा प्रश्न त्या प्रयोगात विचारलेलाच नव्हता.

चूक झाली तरी ती वेडगळपणाची नव्हती, कारण तिच्यामागे पेलाग्राचा ताजा इतिहास होता. अलाबामातल्या माउंट व्हर्नन इथल्या मनोरुग्णालयात जॉर्ज सर्सी यांना या रोगाचे ८८ रुग्ण आढळले, त्यांपैकी ५७ दगावले; १९०७ मध्ये त्यांनी ही हकिगत छापली. उन्हाचा मारा होतो तिथली कातडी काळवंडून सोलवटते, जुलाब थांबत नाहीत आणि माणूस खिन्न, सुस्त, शेवटी भ्रमिष्ट होतो, असा तो रोग. मका, काकवी आणि डुकराची चरबी यांवर जगणाऱ्या दक्षिणेतल्या गरिबांना त्याने घेरलं होतं. बहुतेक डॉक्टर जंतूच्या शोधात असताना जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१४ मध्ये एक साधी गोष्ट हेरली: वेड्यांच्या आणि अनाथांच्या संस्थांत राहणाऱ्यांना पेलाग्रा होतो, पण त्यांच्यात दिवसभर वावरणाऱ्या परिचारिकांना आणि नोकरांना होत नाही. फरक ताटातला होता. दूध, मांस, अंडी वाढवल्यावर रोग हटला. १९३७ मध्ये कॉनरॅड एल्व्हहेम यांनी निकोटिनिक आम्ल, म्हणजेच नायसिन, हाच तो हरवलेला घटक असल्याचं दाखवलं, आणि बरीच वर्षं वेडे म्हणून कोंडले जाणारे रुग्ण थोड्याच दिवसांत भानावर येऊ लागले. असं डोळ्यांनी पाहिलेल्या पिढीने जीवनसत्त्वांकडून मोठी आशा धरली, यात नवल नाही.

ही आशा मात्र हिशेबाबाहेर गेली. मिनेसोटातच अॅन्सेल कीज यांच्या गटाने १९४३ मध्ये धडधाकट तरुणांवर थायमिनचे वेगवेगळे प्रमाण तपासले, तेव्हा गरजेपेक्षा जास्त थायमिनने त्यांच्या कामगिरीत काही भर पडली नाही. कॅनडात सॅस्काचेवानमध्ये १९५० च्या दशकात एब्रॅम हॉफर आणि हम्फ्री ऑसमंड यांनी स्किझोफ्रेनियासाठी नायसिनचे प्रचंड डोस दिले, पुढे लायनस पॉलिंग यांनी या विचाराला आपलं वजन दिलं. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या समितीने १९७३ मध्ये तो दावा फेटाळला. अलीकडचं उदाहरण ड जीवनसत्त्वाचं. पन्नाशी ओलांडलेल्या १८,३५३ लोकांना रोज २००० युनिट ड३ किंवा बिनऔषधी गोळी देऊन सुमारे पाच वर्षं पाहिलं, तर नैराश्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं. हे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले.

यावर रास्त आक्षेप येतो: हे खाऊनपिऊन सुखी लोक होते, आपल्याकडची गोष्ट वेगळी. खरंच वेगळी आहे. पुण्यात चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा ६७ टक्क्यांत ब१२ कमी निघालं. लंडनच्या १९९० मधल्या अभ्यासातही नैराश्य किंवा स्किझोफ्रेनियाच्या १२३ रुग्णांपैकी ४१ जणांत फोलेटची कमतरता होती, आणि नेहमीच्या औषधांच्या जोडीला मिथिलफोलेट दिल्यावर त्यांची प्रकृती बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. पण हा आक्षेप माझं म्हणणं खोडत नाही, उलट नेमकं करतो. ते एक्केचाळीस जण रक्त तपासून निवडलेले होते. न तपासता सर्वांना बी-कॉम्प्लेक्सची पट्टी लिहून देण्याला त्यातून आधार मिळत नाही.

दुसरी अडचण मोजमापाची आहे, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. दुःख वाटणं आणि आनंदच न वाटणं या दोन गोष्टी निराळ्या आहेत. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ तेओद्युल रिबो यांनी दुसरीला १८९६ मध्येच ‘अॅनहिडोनिया’ असं वेगळं नाव दिलं होतं. तरी १९६० पासून चालत आलेल्या हॅमिल्टन मोजपट्टीच्या सतरा कलमांत झोपेला तीन कलमं आहेत, तर रस आणि कामकाज मिळून एक. भूक परतली, झोप लागू लागली की आकडा उतरतो; माणसाला चहाची चव गोड लागते का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ड जीवनसत्त्वाच्या त्या मोठ्या चाचणीतही आठ प्रश्नांची यादी वापरली होती, तिच्यात रस आणि आनंदाविषयीचा प्रश्न एकच. स्नेथ आणि सहकाऱ्यांनी फक्त आनंदाची चौदा कलमांची मोजपट्टी १९९५ मध्ये तयार केली, आवडते पदार्थ, फुलांचा वास, दुसऱ्याचं हसू यांत गोडी वाटते का असं विचारणारी. जीवनसत्त्वाची चाचणी आखताना आधी रक्त तपासून कमतरता असलेलेच लोक घेतले आणि त्यांना हे चौदा प्रश्न विचारले, तरच रॉचेस्टरच्या त्या बायकांना थायमिनसोबत नेमकं काय परत मिळालं असेल, याचा काही अंदाज बांधता येईल.