मांडवगडची गोरखचिंच

परमुलखी जाणारा माणूस आपले देव, भांडीकुंडी व वंशावळ बरोबर नेऊ शकतो. परसातले आंबट मात्र त्याला नेता येत नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या चरणात पवारांच्या घोडदळामागून माळव्यात जी मराठी कुटुंबे गेली, त्यांना याचा अनुभव लवकरच आला असला पाहिजे. इ. स. १७२८ च्या नोव्हेंबरात अमझेऱ्याजवळ पेशव्यांच्या फौजेने गिरिधर बहादुराचा पाडाव केला आणि माळव्याची वाट मोकळी झाली. पुढे धार येथे आनंदराव पवारांची, तर देवास येथे तुकोजी व जिवाजी या बंधूंची गादी स्थिरावली. देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीची कहाणी रंजक खरी. पण आपल्याला येथे राजवाड्याच्या पुढल्या दाराशी कर्तव्य नाही. आपण मागल्या दारी, परसात जाऊ.

कोकणातल्या घराला आंबटाची चिंता कधी पडली नाही. रातांब्याच्या साली त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा भिजवून उन्हात वाळविल्या की आमसुले तयार. गोमंतकातल्या गृहिणीच्या हाताशी सोलां असतातच, आणि परसात बिमलां लोंबत असतात. माळव्याची काळी जमीन गव्हाला व हरभऱ्याला उदार. परंतु तेथील कोरडी थंडी कोकमाला मानवत नाही. कढीलिंब, अळू, शेवगा ही मंडळी पाणी मिळाले की परक्या मुलखातही रुळतात. आमटीला मात्र तेथे चिंच, लिंबू किंवा वाळविलेल्या कैरीचे आमचूर यांवरच भागवावे लागते. ज्यांची वस्ती धारहून सुमारे पस्तीस किलोमीटरवरील मांडवगडाच्या परिसरात आहे, त्यांना आणखी एक आंबट लाभले आहे, आणि त्याचा इतिहास पवारांच्याही फार मागे जातो.

मांडवच्या घाटाने वर चढू लागताच शेतांच्या बांधांवर, झोपड्यांच्या अंगणांत, पडक्या कमानींच्या शेजारी काही अवाढव्य झाडे दिसू लागतात. बुंधा हत्तीच्या अंगासारखा करडा व फुगीर, आणि त्यावर आखूड, वेड्यावाकड्या फांद्या. वर्षातला बराच काळ पान म्हणून नाही. झाड मुळांसह उपटून उलटे रोवावे तसे ते दिसते. पावसाळ्यात त्याला पंजासारखी पाने फुटतात, मोठी पांढरी फुले संध्याकाळी उमलून खाली लोंबतात आणि वटवाघळे त्यांच्यावर येतात. थंडीत फळे पिकतात: मखमली लव असलेले, नारळासारखे कठीण कवच, आणि आत खडूसारखा पांढरा, कोरडा, आंबट गर. आपल्याकडे या झाडाला गोरखचिंच म्हणतात; मांडवात ती खुरासानी इमली.

हे नाव फसवे आहे. खुरासानच्या हिमात हे झाड जगणार नाही. त्याचे माहेर आफ्रिका. भारतातील गोरखचिंचांची आनुवंशिक तपासणी होऊन २०१५ साली जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यात त्यांचे नाते मुख्यतः आफ्रिकेच्या पूर्वेकडील किनाऱ्याशी दिसून आले, आणि ती एकदाच नव्हे तर अनेक वेळा इकडे आली असावीत असाही निष्कर्ष निघाला. मग खुरासान कोठून आले? माळव्याच्या खलजी सुलतानांचा परदेशांशी संबंध होता. महमूद खलजीच्या दरबारी १४६६ च्या सुमारास मिसरच्या खलिफाकडून मानाची वस्त्रे आली आणि लगेच पुढे खुरासानच्या तैमूरवंशीय अबू सईदचा वकीलही आला. त्याचा पुत्र घियासशहा याच्या जनान्याच्या पहाऱ्यावर पाचशे हबशी स्त्रिया होत्या, असे फिरिश्ता लिहितो. बी कोणाच्या थैलीतून उतरले हे सांगणारा कागद नाही. परंतु दूरची प्रत्येक वस्तू ज्या दरबारात खुरासानी ठरत असेल, तेथे आफ्रिकेच्या झाडाला असे नाव पडावे यात मला नवल वाटत नाही.

या घियासशहाने (१४६९ ते १५००) राज्यकारभार पुत्राकडे सोपविला आणि स्वतः जिभेची व नाकाची उपासना आरंभिली. त्याच्या मुदपाकखान्याचा ग्रंथ 'निअमतनामा' आजही उपलब्ध आहे. समोसे, वडे, कढी, खिचडी, सरबते, विडे, अत्तरे, औषधे यांच्या कृती, आणि मधे मधे सुलतान जातीने स्वयंपाकावर देखरेख करीत असल्याची चित्रे! बागेतून निघालेले फूल वा फळ ताटापर्यंत, शय्येपर्यंत कसे पोचते याचा असा तपशील आपल्या मध्ययुगात क्वचितच सापडतो. फक्त एक गोष्ट त्यात नाही. लिंबे कोण तोडत होते, फुले कोण खुडत होते, त्या माळ्यांची नावे नाहीत.

१५३१ साली गुजरातच्या बहादुरशहाने मांडव घेतले, १५६१ साली अकबराची फौज आली. १६१७ साली जहांगीर मांडवात राहिला, तेव्हा बापाला विष दिल्याच्या आरोपावरून त्याने घियासशहाच्या पुत्राची कबर उकरविली. बागा रानात मिळाल्या. ग्रंथ टिपूच्या संग्रहातून लंडनला गेला.

झाडे मात्र राहिली. त्याचे एक कारण सांगण्यास अगदी गद्य आहे: गोरखचिंचेचे लाकूड स्पंजासारखे, पाण्याने भरलेले; ना वासा होतो, ना धड सरपण. जी वस्तू तोडून उपयोगी पडत नाही, ती उभी राहते. दुसरे कारण फळ. भिल्लांच्या व इतर शेतकऱ्यांच्या अंगणांत ती झाडे परसातल्या शेवग्याप्रमाणे घरची झाली. फळ फोडून गर तसाच चोखतात, कुटून भुकटी करतात, तहानेवर पाण्यात कालवतात. गर तासभर भिजवून हाताने कुस्करावा, बिया व दोरे गाळून टाकावेत, गूळ आणि किंचित मीठ घालावे. सोलकढीवर वाढलेल्या जिभेलाही ते सरबत परके वाटणार नाही. सुदानात असेच पेय घरोघरी होते. गुजरातच्या किनाऱ्यावर कोळी वाळलेली फळे जाळ्यांना तरंग म्हणून बांधीत. गरात जीवनसत्त्व 'क' विपुल. २००८ साली युरोपीय संघाने त्याला अन्न म्हणून मान्यता दिली, तेव्हा मांडवच्या रस्त्याकडेला फळे मांडून बसणाऱ्या बायकांना त्याची वार्ता नव्हती आणि गरजही नव्हती.

देवासला याच्या उलट चित्र दिसते. १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीरावांचा खाजगी चिटणीस म्हणून इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर तेथे आला, तेव्हा त्याच्याकडे संस्थानच्या बागांची देखरेखही होती. १९५३ च्या आपल्या पुस्तकात त्याने त्या दिवसांचे वर्णन केले आहे. राजाची बाग चिटणीस, पगार व खजिना यांवर जगते. तो खजिना पुढे आटला, आणि १९४८ साली दोन्ही पाती व धार संस्थान मध्य भारतात विलीन झाली. अंगणातल्या झाडाला चिटणीस लागत नाही.

म्हणूनच अलीकडची घटना अधिक लागते. २०२२-२३ साली धार जिल्ह्यातील काही जुन्या गोरखचिंचा मुळांसह उपटून हैदराबादजवळच्या एका खाजगी उद्यानात नेण्याचा व्यवहार झाला. त्यासाठी सरकारी परवानगीही मिळाली होती. गावकऱ्यांनी विरोध केला, आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेले. ज्यांच्या शेतात झाड उभे होते त्यांना मी दोष देणार नाही. पाचसहा पुरुषांनी हात धरले तरी न कवळणारा बुंधा शेताची जागा अडवितो, आणि एका हंगामाच्या फळांनी घर चालत नाही. परंतु बी पेरून फळ येण्यास कित्येक वर्षे लागतात आणि असा बुंधा होण्यास शतके. फळे वेचणे, फोडणे, विकणे हे काम बहुतेक बायकांचे. शेताच्या खसऱ्यात झाडाची नोंद होते ती जमीनमालकाच्या नावे. फळे वेचणारीचे नाव तेथे नाही. निअमतनाम्यातही ते नव्हते.